बांधीवरची राजधानी

रायपूर शहर मागे टाकून विमानतळाच्या पुढे गेलं की रस्ते एकदम रुंद होतात आणि माणसं कमी. हा नवा रायपूर. छत्तीसगडचं मंत्रालय इथे आहे. त्याचं नाव महानदी भवन, आणि त्याच्या शेजारच्या संचालनालयांच्या इमारतीचं इंद्रावती भवन. राज्यातल्या दोन मोठ्या नद्यांची नावं इमारतींना दिली, हे चांगलंच झालं. पण त्या इमारतींखाली जी गावं होती आणि आजूबाजूला अजूनही आहेत, त्यांची नावं बाहेरच्या कुणाला ठाऊक नसतात. राखी, कयाबांधा, झांझ, कोटनी, बरौदा, तूता, उपरवारा, परसदा, खंडवा. अशी 41 गावं आणि सुमारे 237 चौरस किलोमीटर जमीन या शहराच्या आराखड्यात आली. त्यातली बरीचशी जमीन धानाची होती.

आपल्याकडे छत्तीसगडचा इतिहास ‘नागपूरकर भोसल्यांनी जिंकलेला मुलुख’ एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. त्या वाक्याच्या खाली एक शेतकरी समाज आहे, त्याची जमीन वाटून घेण्याची स्वतःची रीत आहे, आणि त्या जमिनीचा हिशेब करायला आलेल्या राजवटींची रांग आहे. प्रत्येक राजवटीनं आपली वही आणली. वही बदलली की गावाचं नशीब बदललं. नव्या रायपूरचा इतिहास मला या वह्यांमधून वाचावासा वाटतो.

आधी जमीन. महानदी आणि शिवनाथ यांच्या खोऱ्यातलं हे मैदान दिसायला सपाट असलं तरी त्याला हलका उतार आहे. उताराच्या वरच्या अंगाला भाठा, म्हणजे मुरमाड लाल जमीन. खाली मटासी, ती पिवळसर. मग डोरसा, आणि सगळ्यात खाली काळी कन्हार. पाऊस सरासरी 1200 मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हे पाणी अडवायचं तर जमिनीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाला बांध घालायचा. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, तोही बांधीतच राबतो.

पण इथली जुनी पेरणी त्याला नवलाची वाटेल. पूर्व विदर्भात परे टाकून रोवणी करतात. छत्तीसगडच्या मैदानात पिढ्यान्‌पिढ्या ‘बियासी’ चालत आली. सुरुवातीच्या पावसावर धान फेकून पेरायचं. महिना-सव्वा महिन्यानं बांधीत चार बोटं पाणी साचलं की हिरव्यागार उभ्या पिकात नांगर घालायचा. पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाचं डोकं फिरलं. पण नांगरानं तण उपटून चिखलात गाडलं जातं, दाट रोपं विरळ होतात, मुळांना हवा मिळते. मग बाया वाकून उखडलेली रोपं मोकळ्या जागी खोचत जातात. यात खर्च कमी आणि रोवणीपेक्षा मजुरीही कमी, पण सगळा भरवसा एका गोष्टीवर: ऐन वेळी बांधीत पाणी हवं. त्या आठ-पंधरा दिवसांत पाऊस रुसला तर बियासी हुकते आणि तण पिकाच्या डोक्यावर जातं. धान कापणीला येण्याआधी, जमीन ओली असतानाच उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकायचं, त्याला ‘उतेरा’ म्हणतात. एका पावसावर दोन पिकं, तीही दुसऱ्यांदा नांगर न लावता.

अशा जमिनीत एकाच्या वाट्याला सगळी कन्हार आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळी भाठा आली तर गाव टिकणार नाही. त्यावर गावांनी उपाय काढला होता, ‘लाखाबाटा’. काही वर्षांनी गावची शेतजमीन पुन्हा एकत्र धरायची, प्रतीनुसार तिचे भाग पाडायचे आणि नांगरांच्या हिशेबानं कुळांना नव्यानं वाटायचे. प्रत्येकाला थोडी चांगली, थोडी मध्यम, थोडी वाईट. त्यामुळे एकेकाची शेती गावभर विखुरलेली असे. इंग्रज अधिकाऱ्यांना ही पद्धत गैरसोयीची वाटली, तरी त्यांच्याच बंदोबस्ताच्या अहवालांत आणि 1909 च्या रायपूर गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. सुधारणा करून ठेवावी तर ती पुढच्या वाटपात दुसऱ्याकडे जाणार, हा त्यांचा आक्षेप चुकीचा नव्हता. पण दुष्काळी मुलखात जोखीम सगळ्यांनी वाटून घेण्याची याहून साधी युक्ती मला तरी माहीत नाही.

या गावांचा पहिला मोठा हिशेब कलचुरी राजांचा. रतनपूरच्या गादीखाली 18 आणि रायपूरच्या गादीखाली 18 गढ, त्या 36 गढांवरून प्रदेशाचं नाव पडलं असं बहुतेक मानतात. सी. यू. विल्स या अधिकाऱ्यानं 1919 मध्ये या व्यवस्थेवर लिहिलं. त्याच्या मते एक गढ म्हणजे साधारण 84 गावं, आणि त्याखाली बारा-बारा गावांचे गट. प्रत्यक्षात आकडे इतके नेटके बसत नसणार. राजाचा हात मात्र गावाच्या प्रमुखापर्यंतच पोचत होता. गावाच्या आत जमीन कुणी कसायची, हे गावच ठरवत होतं.

1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले ते याच वाटेनं. रतनपूरच्या म्हाताऱ्या राजा रघुनाथसिंहाकडून फारसा प्रतिकार झाला नाही. भास्करपंतांचा पुढे 1744 मध्ये बंगालमध्ये अलीवर्दीखानानं घात केला, पण छत्तीसगड नागपूरकरांच्या पदरात पडला तो पडलाच. काही वर्षं कलचुरी घराण्यातलाच मोहनसिंह नावापुरता गादीवर ठेवला. 1758 मध्ये पहिल्या रघुजी भोसल्यांचा मुलगा बिंबाजी रतनपूरला येऊन राहिला आणि 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राज्य करत होता.

बिंबाजीबद्दल छत्तीसगडमध्ये आजही बरं बोललं जातं. रतनपूरच्या टेकडीवरचं रामाचं देऊळ त्याचं. दसऱ्याला सोनं, म्हणजे आपट्याची पानं, वाटण्याची चाल तिकडे त्याच्यामुळे रुळली असं सांगतात. दरबारात मराठी आली, दप्तरात मोडी आली. तो तिथे राहिला म्हणून तिथला झाला, असं मला वाटतं. त्याच्यामागून आलेले राहिले नाहीत. बिंबाजीनंतर नागपूरहून सुभेदार नेमून कारभार सुरू झाला. विठ्ठल दिनकर या सुभेदारानं जुनी गढांची रचना मोडून मुलुख परगण्यांत विभागला आणि परगण्यावर कमाविसदार बसवला. कागदावर ही सुधारणाच होती. पण सुभेदारी मिळवायला पैसा मोजावा लागे आणि तो रयतेकडूनच वसूल व्हायचा. मराठी राज्याचा अभिमान बाळगताना हे पान वगळून चालणार नाही.

तरीही मुलुख धान्यानं भरलेला होता. 1795 मध्ये कॅप्टन ब्लंट हा इंग्रज सर्वेक्षक या भागातून गेला. पिकाच्या वर्षी लाखभर बैल इथलं धान्य निजामाच्या मुलखाकडे आणि पूर्व किनाऱ्याकडे वाहून नेतात, असं त्याच्या नोंदीत आहे. आकडा ऐकीव असणार, पण व्यापार खरा होता. तो होता बंजाऱ्यांच्या हातात. जाताना धान, येताना मीठ.

1817 च्या अखेरीस सीताबर्डीची लढाई भोसले हरले आणि 1818 पासून छत्तीसगड इंग्रज अधीक्षकाच्या देखरेखीखाली गेला. मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आलं. कर्नल ॲग्न्यू यानं 1820 मध्ये लिहिलेला अहवाल हे त्या काळचं सगळ्यात उपयोगी चित्र आहे. त्यात गावचा गौंटिया दिसतो. सरकारी वसुलीची जबाबदारी त्याच्यावर, पण तो गावाचा मालक नाही. जाच वाढला तर कुळं उठून दुसऱ्या गावी जात, कारण जमीन भरपूर होती आणि हात कमी. कुळाच्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र तेच होतं. 1830 मध्ये तिसऱ्या रघुजींकडे मुलुख परत आला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1854 मध्ये डलहौसीनं नागपूरसकट तो खालसा केला.

दोन वर्षांतच, 1856 मध्ये, दुष्काळ पडला. सोनाखानचा बिंझवार जमीनदार नारायणसिंह यानं कसडोलच्या एका व्यापाऱ्याचं कोठार उघडून धान लोकांत वाटलं, आणि आपण काय केलं ते स्वतःच रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला कळवलं, असं सांगितलं जातं. त्याला अटक झाली. 1857 च्या धामधुमीत तो तुरुंगातून निसटला, पुन्हा पकडला गेला आणि 10 डिसेंबर 1857 रोजी रायपूरला त्याला फाशी दिलं. इंग्रजी कागदांत हा दरोडा आहे. पण छत्तीसगडमध्ये पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’ असतो. मळणी झालेली असते, पोरंसोरं आणि मोठी माणसंही टोपल्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात, आणि त्या दिवशी कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही असा दंडक आहे. कोठी कुणाच्याही मालकीची असली तरी तिच्यावर गावाचाही थोडा हक्क आहे, असं मानणाऱ्या समाजात नारायणसिंहाचं वागणं दरोडा कसं ठरेल? आज नव्या रायपुरातल्या परसदा गावच्या क्रिकेट स्टेडियमला त्याचं नाव आहे.

इंग्रजांनी 1860 च्या दशकात बंदोबस्त केला तेव्हा सगळ्यात खोल बदल झाला. गौंटिया किंवा वसुली करणारा इसम मालगुजार ठरला, म्हणजे गावाचा मालक. कुळाचं नाव वहीत आलं, पण मालकीच्या रकान्यात नाही. मालक झालेल्या माणसाला गाव गहाण टाकता येऊ लागलं, विकता येऊ लागलं. रायपूरच्या वकील-सावकारांनी, त्यांत मराठी कुटुंबंही होती, गावं घेतली. लाखाबाटाचा आधार हळूहळू निघून गेला. मात्र चांगल्या मालगुजारांनी तलाव बांधले, हेही लिहायला हवं. चंद्रपूर-भंडाऱ्याकडे ज्यांना आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो, त्याच जातकुळीचे तलाव इथेही गावोगाव आहेत.

1888 च्या सुमारास बंगाल नागपूर रेल्वेची मोठी लाइन रायपूरला आली आणि बंजाऱ्यांचे तांडे बसले. धानाला कलकत्त्याची बाजारपेठ मिळाली, भाव वाढले. आणि 1896-97 व लगेच 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले तेव्हा गावात साठा उरलेला नव्हता. छत्तीसगडची हजारो माणसं आसामच्या चहाच्या मळ्यांत गेली, त्यांचे वंशज अजून तिथे छत्तीसगढी बोलतात. त्याच काळात रायपूरहून अभनपूरमार्गे धमतरी आणि राजिमला जाणारी अडीच फुटी छोटी रेल्वे झाली. आजच्या नव्या रायपूरच्या पश्चिमेकडून, माना आणि केंद्रीवरून ती गाडी जायची.

दुष्काळानंतर सरकारला पाण्याची आठवण झाली. धमतरीजवळ रुद्रीला महानदीवर बंधारा झाला, कालवे निघाले, 1923 मध्ये मुरुमसिल्लीचं धरण पुरं झालं. पाणी आलं आणि पाण्याची वहीही आली. कालवा खात्याला गावांकडून दहा-दहा वर्षांचे करार हवे होते. पाऊस बरा झाला तर विकतचं पाणी कशाला, असं शेतकऱ्यांचं म्हणणं, आणि इथल्या हिशेबानं ते रास्त होतं. 1920 च्या पावसाळ्यात कंडेल गावच्या लोकांनी करार नाकारला. पाणी चोरल्याचा आरोप ठेवून खात्यानं गावावर चार हजारांहून जास्त रुपयांचा दंड बसवला आणि वसुलीसाठी जनावरं जप्त केली. ती आठवडी बाजारांत लिलावाला नेली, तर बोली लावायला कुणी पुढे येईना. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जनावरं फिरत राहिली, चाऱ्यावाचून खंगली. कंडेलचे छोटेलाल श्रीवास्तव, राजिमकडचे पंडित सुंदरलाल शर्मा आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हे या लढ्याचे पुढारी. शर्माजी गांधींना आणायला कलकत्त्याला गेले. डिसेंबर 1920 मध्ये गांधी रायपूर-धमतरीला पोचले तोवर सरकारनं दंड मागे घेतला होता. तिथून ते नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले, ज्यात असहकारावर शिक्कामोर्तब झालं. नागपूर अधिवेशनाच्या आपल्याकडच्या वर्णनांत कंडेलचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या काळातला आणखी एक मराठी माणूस वामनराव लाखे. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये ‘छत्तीसगड मित्र’ हे मासिक काढलं, त्याचे प्रकाशक लाखे. वकिली करत त्यांनी 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी केली, असहकाराच्या दिवसांत ‘रायसाहेब’ ही पदवी परत केली. सावकाराच्या वहीला उत्तर म्हणून सभासदाचं पासबुक, असा त्यांचा विचार असावा. आज ज्या सोसायटीत छत्तीसगडचा शेतकरी धान विकतो, तिची मुळं इथपर्यंत जातात. मालगुजारी स्वतः मात्र 31 मार्च 1951 रोजी, मध्य प्रदेशाच्या कायद्यानं, संपली. कुळाचं नाव शेवटी मालकीच्या रकान्यात आलं.

आता या कथेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि त्यासाठी थोडं फिलिपिन्सला जावं लागेल.

मनिलाच्या दक्षिणेला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी आणि एका मोठ्या सरोवराच्या काठी लोस बान्योस हे गाव आहे. आजूबाजूला नारळ आणि भातशेती. अमेरिकी राजवटीत 1909 मध्ये तिथे कृषी महाविद्यालय निघालं, आणि 1960 मध्ये फोर्ड व रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशावर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. 1966 मध्ये तिथून आयआर-8 हा वाण बाहेर पडला. बुटका, खताला भरघोस प्रतिसाद देणारा, न लोळणारा. आशियाभर त्याचं ‘चमत्कारी भात’ म्हणून स्वागत झालं. उपासमारीच्या छायेतल्या देशांना तो हवाच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच सुमारास कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेच्या संचालकाला पद सोडावं लागलं. डॉ. आर. एच. रिछारिया 1959 पासून त्या पदावर होते. बाहेरून येणारे बुटके वाण आपल्याकडे विषाणूचे रोग आणि किडी घेऊन येतील, ते तपासल्याशिवाय शेतात नेऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. तो दिल्लीला परवडणारा नव्हता. रिछारिया ओडिशा उच्च न्यायालयात गेले आणि काही वर्षं भांडून जिंकलेही, पण मधली वर्षं गेली ती गेली. मग मध्य प्रदेश सरकारनं त्यांना बोलावलं आणि 1970 च्या दशकात ते रायपूरच्या भात संशोधन संस्थेत बसले.

तिथे त्यांच्याकडे काय होतं? दोन कृषी पदवीधर आणि सहा ग्रामसेवक, असं गोव्याचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी लिहिलं आहे. या एवढ्याशा फौजेनं गावोगाव फिरून धानाची लोंबी-लोंबी गोळा केली. कोणता वाण कुठल्या भागात, कसल्या जमिनीत, किती दिवसांत पिकतो, दाणा कसा, वास कसा, भात शिजवल्यावर चिकट की मोकळा. गुरमटिया, सफरी, लुचई, दुबराज. भाठ्यावर लवकर पिकणारे हलके वाण वेगळे, कन्हारीत पाण्यात उभे राहणारे जड वाण वेगळे. म्हणजे बियासी करणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यातला सगळा भूगोल नोंदला जाऊ लागला. काही वर्षांत संग्रह 17 हजारांच्या पुढे गेला, आणि पुढे 19 हजारांच्या घरात. रिछारिया यांचा निष्कर्ष असा की या गावठी वाणांमध्येच भरपूर उत्पादन देणारे वाण आहेत. ते निवडा, त्याच तालुक्यात वाढवा आणि शेतकऱ्याच्याच हातात ठेवा.

मी वर वह्यांचं म्हटलं. या मातीतल्या सगळ्या वह्या वसुलीसाठी निघाल्या. शेतकऱ्याला काय येतं, हे लिहून घेणारी ही पहिली.

लोस बान्योसच्या संस्थेला हा संग्रह हवा होता. रिछारिया यांनी तो असाच हवाली करायला नकार दिला. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यात कृषी संशोधनाचा नवा प्रकल्प आला, त्या ओघात रायपूरची संस्था बंद झाली आणि वाण तेव्हाच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. मार्च 1986 मध्ये याच अल्वारिस यांनी मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला आणि तेव्हा देशाला रिछारिया हे नाव कळलं. अल्वारिस यांची बाजू उघड आहे, ती लक्षात ठेवूनच लेख वाचावा. पण गंमत अशी की त्याच सुमारास फिलिपिन्समध्येही हेच चाललं होतं. महागडी खतं, औषधं आणि कर्जानं कंटाळलेले शेतकरी व काही शास्त्रज्ञ 1985 मध्ये एकत्र आले, आणि त्यातून ‘मासिपाग’ ही संघटना निघाली. जुने वाण शोधून शेतकऱ्यांच्या शेतातच जपायचे, हे तिचं काम. तिचं मुख्यालय लोस बान्योसमध्येच, त्या संस्थेच्या दाराशी.

1987 मध्ये रायपूरला इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि संग्रह त्याच्याकडे आला. रिछारिया 1996 मध्ये गेले. 2002 च्या अखेरीस बातमी फुटली की विद्यापीठ सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर या वाणांवर करार करायच्या बेतात आहे. शेतकरी संघटना, विद्यार्थी, डावे-उजवे सगळे रस्त्यावर आले. डिसेंबर 2002 मध्ये कंपनीनं माघार घेतली.

छत्तीसगड राज्य तेव्हा दोन वर्षांचं होतं. 1 नोव्हेंबर 2000 रोजी ते झालं. ज्या महिन्यांत बियाण्यांचा वाद पेटला होता, त्याच सुमारास अजित जोगी सरकारनं पौता गावाजवळ नव्या राजधानीची कोनशिला बसवून घेतली. त्यानंतर सरकार बदललं, जागाही थोडी सरकली आणि रमण सिंह यांच्या काळात राखीच्या परिसरात काम जोरात सुरू झालं. 2006 मध्ये उपरवाऱ्याला ‘पुरखौती मुक्तांगण’ हे छत्तीसगडी संस्कृतीचं संग्रहालय राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते उघडलं. 2008 मध्ये स्टेडियम झालं, नोव्हेंबर 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी मंत्रालयाचं उद्‌घाटन केलं, व्यवस्थापन आणि विधी शिक्षणाच्या संस्था आल्या, खंडव्याला जंगल सफारी आली. 2018 मध्ये वाजपेयी गेल्यावर शहराचं नाव अटल नगर झालं, आणि नंतर नवा रायपूर अटल नगर.

शहर योजून बांधलं आहे. झाडं आहेत, तलाव राखले आहेत, नळांचं आणि तारांचं जाळं जमिनीखाली आहे. चंडीगड किंवा नवी मुंबईच्या जमीन संपादनाच्या मानानं इथे सक्ती कमी झाली, बरीच जमीन आपसी सहमतीनं घेतली असं अधिकारी सांगतात, आणि ते सर्वस्वी खोटं नाही. पण जमीन विकणाऱ्याला मिळालेला पैसा आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच जमिनीला आलेलं मोल यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. गावं जागेवर राहिली आणि शेत गेलं. शिवाय जे सोबत गेलं त्याचा मोबदला कुठल्याच तक्त्यात नव्हता. गुरं चरायची भाठा जमीन, तलावाखालची कुळथी-लाखोळी, कापणीची मजुरी, तणस. भूमिहीन माणूस याच्यावर जगत होता, आणि त्याच्या नावावर काहीच नसल्यामुळे त्याला देण्यासारखंही काही नव्हतं.

3 जानेवारी 2022 रोजी 27 गावांचे शेतकरी विकास प्राधिकरणाच्या कार्यालयासमोर धरणं धरून बसले. मागण्या साध्या होत्या. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला, प्रत्येक प्रौढ माणसाला विकसित भूखंड, वार्षिकीची थकबाकी, राहत्या घराच्या जागेचे पट्टे, शहरातल्या नोकऱ्या-दुकानांत वाटा, आणि जमीन खरेदी-विक्रीवरचे निर्बंध उठवणं. बायका मोठ्या संख्येनं होत्या. तिथेच स्वयंपाक, तिथेच पंगत. सरकार काँग्रेसचं होतं, ‘शेतकऱ्यांचं सरकार’ म्हणवणारं. मंत्र्यांच्या समितीनं बहुतेक मागण्या मान्य केल्याचं जाहीर केलं. शेतकऱ्यांना लेखी आणि अंमलात आलेलं हवं होतं. 11 मार्चला मंत्रालयाकडे निघालेल्या मोर्चात एका वृद्ध शेतकऱ्याचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये दिल्लीच्या शेतकरी आंदोलनाचे पुढारी राकेश टिकैत येऊन गेले. त्यांची भाषणं वृत्तवाहिन्यांवर दिसली, गावांची नावं फारशी नाही.

या प्रश्नाचा एक पैलू तिकडच्या राजकारणातच दडलेला आहे. 2018 मध्ये काँग्रेसच्या भूपेश बघेल यांनी धानाला क्विंटलमागे 2500 रुपयांचं वचन देऊन सत्ता मिळवली. 2023 मध्ये भाजपनं 3100 रुपये आणि एकरी 21 क्विंटल खरेदीचं वचन देऊन ती परत घेतली. दोघांनीही शब्द पाळला. 2024-25 च्या हंगामात राज्यानं सुमारे 149 लाख टन धान खरेदी केलं. देशात धान उत्पादकाला मिळणाऱ्या सर्वांत चांगल्या भावांपैकी हा एक. पण सोसायटीत टोकन मिळतं ते जमिनीच्या नोंदीवर. ज्यानं राजधानीला जमीन दिली, त्याची ती नोंद गेली. म्हणजे राज्याच्या सगळ्यात मोठ्या शेतकरी योजनेतून सगळ्यात आधी बाहेर पडला तो राजधानीच्या गावचा शेतकरी. याला दुष्ट हेतू म्हणता येत नाही. हिशेबाच्या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, एवढंच.

30 मार्च 2025 रोजी मंदिर हसौद मार्गे रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली, आणि छोट्या लाइनच्या जागी मोठ्या लाइनची गाडी नव्या रायपुरातून धावू लागली. 1 नोव्हेंबर 2025 रोजी, राज्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, नव्या विधानसभा भवनाचं उद्‌घाटन झालं. सभागृहाच्या छतावर धानाच्या लोंब्या आणि पानं कोरली आहेत.

हरेलीला, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येला, या गावांत नांगर-कुदळीची पूजा अजून होते, पोरं बांबूच्या गेड्यांवर चालतात. पोळ्याला मातीचे बैल येतात. शेत गेलेल्या घरांतही नांगर धुऊन मांडतात. पुरखौती मुक्तांगणात हेच सण पुतळ्यांच्या रूपात पाहायला मिळतात, त्याला तिकीट आहे.

कृषी विद्यापीठाच्या शीतगृहात आज धानाचे 23 हजारांहून अधिक वाण जपले आहेत, आणि त्यांचा पाया रिछारिया यांचा संग्रह. त्यात अभनपूर आणि आरंग तालुक्यांतले, म्हणजे या 41 गावांच्या परिसरातले, वाण किती याची यादी विद्यापीठानं काढावी आणि ते बियाणं त्या त्या गावाला परत द्यावं. राजधानीतली कितीतरी घेतलेली जमीन अजून रिकामीच पडून आहे. तिच्यातले काही एकर, इमारती येईपर्यंत, गावांना पिकवायला देण्यात अडचण काय आहे? छतावर लोंब्या कोरण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. नागपूरहून रायपूरला कामानिमित्त जाणाऱ्या वाचकांनी एकदा मंत्रालयाच्या मागच्या बाजूला कयाबांध्याला जावं आणि हा प्रश्न तिथल्या माणसांना विचारावा. उत्तर द्यायला ते तयार असतात.